कॅपस्टनवर रोलर बॉक्स कसा सेट करावा: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

बारीक आणि लांब जॉब लेथवर घेतला की टूल लावताच तो मागे सरतो. व्यास टोकाला जाड आणि कोलेटजवळ (बार धरणाऱ्या चकजवळ) बारीक येतो, फिनिश लहरी पडतं आणि मशीन करकरायला लागतं. सेंटर लेथवर यावर टेलस्टॉकचा सेंटर किंवा फॉलोअर स्टेडी (टूलबरोबर सरकणारा आधार) हे उपाय आहेत. कॅपस्टनवर, म्हणजे एकसारखे जॉब भराभर काढायच्या लेथवर, टेलस्टॉक नसतो, त्याच्या जागी टरेट असतो, म्हणजे एकामागून एक टूल फिरवून पुढे आणणारी मुंडी. त्या टरेटमध्ये बसणारं आणि कापता कापता जॉबला आधारही देणारं टूल म्हणजे रोलर बॉक्स. एका बाजूला कटर, समोरच्या बाजूला मोकळे फिरणारे दोन कडक रोलर, आणि मधून जाणारा बार.

शिरोली, भोसरी किंवा इचलकरंजीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसीच्या शेजारी आजही कॅपस्टन चालू दिसतो. पिना, स्टड, शाफ्टचे तुकडे त्यावर स्वस्तात निघतात. ऑपरेटर पुष्कळ मिळतात, पण बॉक्स नीट सेट करणारे कमी. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला बहुतेक वेळ सेंटर लेथवर जातो आणि हा बॉक्स पहिल्यांदा हातात येतो तो थेट नोकरीच्या ठिकाणी, तोही बऱ्याचदा आधीच कोणीतरी सेट करून ठेवलेला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आकडा बघा

आपण एकच जॉब धरून चालू. ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) चा १२ मिमी ब्राइट बार (गुळगुळीत, मापात ओढलेला), त्यावर ६ मिमी व्यास, ६० मिमी लांब. म्हणजे एका बाजूने ३ मिमी कट. फीड, म्हणजे टूलचं पुढे सरकणं, एका फेऱ्याला ०.१ मिमी ठेवलं तर या स्टीलमध्ये कटिंगचा जोर साधारण ७०० न्यूटन, म्हणजे ७० किलो वजनाइतका येतो. १२ मिमीचा बार कोलेटबाहेर ६० मिमी असेल आणि हा जोर टोकाला बसला, तर टोक जवळजवळ पाव मिलिमीटर वाकतं.

यावर नवशिक्याला सुचतं की कट कमी घेऊ, चार-पाच पासमध्ये काढू. त्याचाही हिशोब करा. शेवटच्या पासला बार ६ मिमीच्या आसपास आलेला असतो आणि व्यास निम्मा झाला की बार १६ पट जास्त वाकतो. तिथे फक्त १०० न्यूटन लागले तरी टोक अर्धा मिलिमीटर सरकतं. हलका हात ठेवूनही जॉब पळतोच. लांबीचंही तसंच आहे, ती दुप्पट झाली तर वाकणं आठपट होतं.

ऊस तासणारा माणूस कोयता जिथे चालतो त्याच्या जवळच दुसऱ्या हाताने ऊस धरतो, लांबचं टोक धरून तासत नाही. रोलर बॉक्समध्ये तेच घडतं. कटर पुढे जाईल तसे रोलरही पुढे जातात, त्यामुळे कापण्याची जागा आणि आधाराची जागा यांतलं अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहतं. म्हणूनच १२ चा ६ एकाच पासमध्ये होतो.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रोलर जॉबला टेकले की व्यास कोण ठरवतं? स्पिंडल ठरवत नाही. दोन रोलर आणि कटरची धार, या तीन जागांमध्ये जी फट आहे तीच व्यास ठरवते. स्पिंडल फक्त बार फिरवतो. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं आणि बिघाड शोधायलाही वेळ लागत नाही.

कुठल्या धातूला कुठला बॉक्स

स्टीलला रोलरचा बॉक्स. पितळेला बहुतेक ठिकाणी व्ही-ब्लॉकचा, म्हणजे न फिरणाऱ्या कडक व्ही आधाराचा बॉक्स वापरतात. पितळेचा कीस बारीक, सुटा आणि उडणारा असतो, तो रोलरखाली जाऊन बसतो. शिवाय पितळ कडक स्टीलच्या आधारावर तेलात छान सरकतं, चिकटत नाही. स्टील मात्र घट्ट व्हीमध्ये दाबून फिरवलं तर ओरखडतं आणि चिकटतं. त्याला लोळणारा आधारच लागतो. जामनगरसारख्या पितळेच्या गावात काम करणाऱ्याला व्ही-बॉक्स रोजचा, तर पुण्या-कोल्हापूरकडे ऑटोमोबाइलच्या स्टील जॉबवर असणाऱ्याला रोलर रोजचा.

रोलर कटरच्या मागे की पुढे

बॉक्स लावण्याआधी हे ठरवून टाका, कारण यावर सगळं सेटिंग बदलतं.

मागे म्हणजे कटरने कापलेल्या ताज्या व्यासावर रोलर चालणार. रोलरची कड कटरच्या टोकापासून अर्धा ते एक मिलिमीटर मागे ठेवतात. आपल्या जॉबला हेच हवं. मूळ बार थोडा अंडाकृती किंवा काळा (वर खपली असलेला) असला तरी फरक पडत नाही, कारण आधार नव्या गोल पृष्ठभागावर आहे. जाता जाता रोलर तो पृष्ठभाग दाबून चकचकीतही करतात. त्या चकाकीमुळेच रोलर बॉक्सचा जॉब लांबून ओळखू येतो.

पुढे म्हणजे रोलर न कापलेल्या व्यासावर चालणार आणि कटर त्यांच्या मागून. हे फक्त एका कारणासाठी करायचं: आधीचा व्यास आणि नवा व्यास एकमेकांशी एककेंद्री हवे असतील तेव्हा. आधीचा व्यास ग्राइंड केलेला किंवा चांगला टर्न केलेला असायला हवा. काळ्या बारवर रोलर पुढे ठेवले तर बारचे सगळे दोष जशेच्या तसे नव्या व्यासावर उतरतात.

शंका असेल तर मागे ठेवा.

पायरी १: टरेट आणि स्पिंडल एका रेषेत आहेत का

ही पायरी जवळजवळ सगळे सोडतात. डायल गेज स्पिंडलला बांधा आणि टरेटच्या ज्या भोकात बॉक्स बसणार आहे त्याच्या आतून फिरवा. जुन्या मशीनचा टरेट झिजून खाली बसलेला असतो. काटा वर-खाली जितका फिरेल त्याच्या निम्मा फरक दोन रेषांमध्ये आहे. ०.०२ मिमीच्या आत असेल तर निश्चिंत राहा.

फरक जास्त असला तर काय होतं बघा. टोकाशी बार लवचिक असतो, बॉक्स त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि काहीच जाणवत नाही. कोलेटजवळ बार ताठ असतो, तो ऐकत नाही. तिथे बॉक्स आणि स्पिंडल एकमेकांशी झगडतात आणि जॉबच्या शेवटच्या १०-१५ मिमीमध्ये व्यास बदलतो. मग ऑपरेटर दिवसभर कटर आत-बाहेर करत बसतो, आणि दोष कटरचा नसतोच.

मल्टी-स्टेशन टरेट असेल तर प्रत्येक भोक वेगळं तपासा. चांगलं भोक बॉक्ससाठी राखून ठेवा, ड्रिल किंवा स्टॉपर दुसरीकडे लावा.

पायरी २: रोलर तपासा

बॉक्स हातात घ्या आणि दोन्ही रोलर बोटाने फिरवा. अडखळत असतील तर पिन काढा, रॉकेलने धुवा, तेल घालून परत लावा. रोलरवर बोटाचं नख फिरवा. खड्डा किंवा रेघ लागली तर तो रोलर बदला, कारण ती खूण रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला जॉबवर छापली जाणार. पिन आणि रोलरमध्ये ढिलाई असेल तर पुढचं सगळं सेटिंग वाया. रोलरच्या पुढच्या कडेला छोटी गोलाई असते, ती तुटली असेल तर कड जॉबमध्ये रुतते.

पायरी ३: कटरला धार

बॉक्समध्ये कटर दोन प्रकारे बसतो. एकात तो नेहमीच्या टूलसारखा आडवा, केंद्राकडे तोंड करून असतो. दुसऱ्यात तो उभा, व्यासाला स्पर्शरेषेत असतो. उभ्या प्रकारात धार फक्त वरच्या टोकाला लावावी लागते आणि कटिंगचा जोर कटरच्या लांबीवर येतो, म्हणून तो भक्कम. नवशिक्याला मी उभाच सुचवेन.

पुढची धार जॉबच्या अक्षाला काटकोनात ठेवा, म्हणजे शोल्डर (व्यास बदलतो तिथली पायरी) सरळ निघेल. नाकाला अगदी थोडी गोलाई. ईएन८ ला वरचा उतार (टॉप रेक) १२ ते १५ अंश द्या. धार लावल्यावर ऑइलस्टोनवर दोन-चार हात जरूर फिरवा. खरखरीत धारेचे ओरखडे रोलर दाबून झाकतो, पण बोटाला ते कळतात.

कटरची उंची केंद्रावर ठेवा. थोडीही खाली गेली तर बार कटरवर चढायला बघतो.

पायरी ४: बारचं तोंड

बारच्या तोंडाला ४५ अंशांचा चॅम्फर (तिरकी कड) मारा, इतका की पुढचा व्यास ६ मिमीपेक्षा थोडा कमी होईल. कारण साधं आहे. रोलर मागे आहेत, म्हणजे कटरने पहिला एक मिलिमीटर कापेपर्यंत आधारच नाही. चौकोनी तोंडावर कटर एकदम ३ मिमी कटमध्ये घुसला तर बार झटका खातो आणि पुढे रोलर त्या वाकड्या सुरुवातीवरच चढतात. चॅम्फरमुळे कट हळूहळू वाढतो. बॅचमध्ये यासाठी टरेटच्या आधीच्या स्टेशनवर वेगळं टूल लावून ठेवतात.

पायरी ५: आखूड तुकड्यावर सेटिंग

आता खरं काम. बार कोलेटबाहेर २०-२५ मिमीच काढा. एवढ्या आखूड बारवर तोच ७०० न्यूटनचा जोर आला तरी तो दोन शतांश मिलिमीटरच्या आत वाकतो, म्हणजे आधाराशिवायही भरवशाचा.

रोलर पूर्ण मागे घ्या. फक्त कटरने १० मिमी लांबी टर्न करा. स्पिंडल थांबवा, मायक्रोमीटरने मोजा, कटर सरकवा, पुन्हा कापा. ६ मिमीचा नेमका व्यास मिळेपर्यंत हे करत राहा. ही पायरी कंटाळवाणी आहे पण इथे घाई करू नका, पुढचं सगळं या १० मिमीवर उभं आहे.

व्यास मिळाला की बॉक्स मागे न घेता तिथेच स्पिंडल थांबवा. रोलर आता नेमके टर्न केलेल्या भागावर आहेत. पहिला रोलर हळूच पुढे आणा, जॉबला टेकला की लॉक करा. मग दुसरा. दोन्ही आणताना जॉब ढकलला जाऊ नये. खात्री हवी असेल तर डायल जॉबवर लावून ठेवा आणि रोलर टेकताना काटा हलतो का बघा.

किती घट्ट? चक हाताने फिरवा. दोन्ही रोलर जॉबबरोबर फिरले पाहिजेत. आता एक रोलर चिमटीत धरा आणि चक पुन्हा फिरवा. रोलर बोटांत थांबला पाहिजे आणि जॉब त्याच्यावरून सरकला पाहिजे. धरूनही थांबत नसेल तर घट्ट आहे. चक फिरवताना मधेच एखादा रोलर उभा राहत असेल तर ढिला. ही परीक्षा फक्त स्पिंडल बंद असताना आणि मेन स्विच काढून, हे वेगळं सांगायला नको तरी सांगतो.

लॉक नट आवळताना रोलरचा ब्लॉक थोडा सरकतो. म्हणून आवळल्यावर चिमटीची परीक्षा पुन्हा करा.

पायरी ६: वेग, फीड, कुलंट

एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरला ईएन८ वर मिनिटाला २५ मीटर धरा. १२ मिमी बारला ते सुमारे ६५० फेरे होतात. फीड ०.१ मिमी ठेवलं तर ६० मिमी लांबी एका मिनिटाच्या आत निघते.

फीड सलग हवं. हाताने टरेटचं चाक फिरवत असाल तर मधे थांबू नका. थांबलात की त्या जागी रोलर तोच पृष्ठभाग पुन्हा पुन्हा दाबतात आणि तिथे एक चकचकीत कडं उमटतं.

कुलंट भरपूर आणि कटरवर सोडा. थंड करण्याइतकंच त्याचं दुसरं काम आहे कीस धुऊन काढणं. कीस रोलरखाली गेला तर एक खड्डा जॉबवर पडतो आणि एक रोलरवर, आणि रोलरवरचा खड्डा पुढच्या प्रत्येक जॉबवर जातो. लांब वेटोळी येत असतील तर फीड थोडं वाढवा किंवा कटरवर चिप ब्रेकर (कीस तोडणारी खाच) घासा. बॉक्सच्या तोंडात वेटोळी गुंतली तर मशीन बंद करून हुकने काढा. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही, बाह्या दुमडलेल्या, ओढणी किंवा गमछा बाजूला.

पायरी ७: परत येताना

कट संपला, आता बॉक्स मागे घ्यायचा. कटर तसाच ठेवून मागे आलात तर चकचकीत पृष्ठभागावर मळसूत्रासारखी रेघ उमटते. बऱ्याच बॉक्सवर कटर उचलण्यासाठी छोटा दांडा असतो. शोल्डरला पोचलात की दांडा ओढा, मग टरेट मागे घ्या. दांडा नसलेला जुना बॉक्स असेल तर स्पिंडल थांबवून मागे या. एक सरळ बारीक रेघ राहील, जी पुष्कळ जॉबना चालते. ग्राहकाला चालते का ते आधी विचारा.

पहिला पूर्ण लांबीचा जॉब टोकाला, मध्ये आणि शोल्डरजवळ असा तीन ठिकाणी मोजा, आणि थंड झाल्यावर मोजा. गरम जॉब मोठा दाखवतो.

बिघाड कसा ओळखायचा

मगाशी सांगितलेली तीन जागांची गोष्ट इथे उपयोगी पडते.

व्यास मोठा येतोय आणि बारीक करकर ऐकू येते: रोलर ढिले आहेत, जॉब कटरपासून पळतोय. व्यास लहान येतोय, पृष्ठभागावर पापुद्रे सुटल्यासारखे दिसतात, जॉब हाताला चांगलाच गरम लागतो: रोलर घट्ट आहेत, जॉबला कटरवर ढकलतायत आणि धातू चिरडला जातोय. पुष्कळ जण या दोन्ही वेळा कटरला हात घालतात. माप तात्पुरतं जुळतं, दोष तसाच राहतो आणि तासाभराने परत उगवतो. व्यास चुकला की पहिला हात रोलरकडे न्या.

शेवटी शेवटी माप बदलतंय तर पायरी १ कडे जा. एकाच अंतरावर खूण पुन्हा पुन्हा दिसत असेल तर रोलर काढून बघा, बहुतेक वेळा खड्डा सापडतो. सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर बाकीच्यापेक्षा वेगळे आले तर चॅम्फर अपुरा आहे. आणि सकाळी बरोबर, दुपारी चुकीचं असं होत असेल तर कटरची धार गेलेली असते. बोथट कटर जास्त जोर लावतो आणि तो सगळा रोलरच्या पिनांवर जातो.

घरचा लेथ असेल तर

छंद म्हणून छोटा सेंटर लेथ चालवणाऱ्यांनाही असा आधार हवा असतो, आणि रोलर बॉक्स विकत घ्यायची गरज नाही. टेलस्टॉकमध्ये बसणारा साधा बॉक्स स्वतः करता येतो. यात आधार पुढे चालतो, म्हणून बार ब्राइट आणि गोल हवा.

एक माइल्ड स्टीलचा ठोकळा टेलस्टॉकच्या टेपर शँकला (टेलस्टॉकमध्ये बसणाऱ्या निमुळत्या दांड्याला) पक्का बसवा. ड्रिल चकमध्ये धरा आणि ठोकळा टेलस्टॉकच्या चाकाने पुढे ढकलून भोक पाडा, मग रीमरने बारच्या मापाचं करा. भोक स्पिंडलमध्ये धरलेल्या ड्रिलनेच पाडल्यामुळे ते आपोआप स्पिंडलच्या रेषेत येतं. हीच या बॉक्सची सगळी अचूकता. भोकाच्या मागे आडवी खाच काढून त्यात एचएसएसचा तुकडा दोन स्क्रूंनी आवळा, धार भोकाच्या मागच्या कडेला अगदी लागून. कीस बाहेर पडायला खाच मोठी ठेवा, नाहीतर पहिल्याच जॉबला ती तुंबते. कापलेला भाग मागे शँकच्या आत जाणार, म्हणून शँकमध्येही तेवढ्या खोलीचं मोकळं भोक लागतं. ती खोली हीच तुमच्या जॉबची जास्तीत जास्त लांबी.

याच कल्पनेचं सगळ्यात पुढे गेलेलं रूप स्वित्झर्लंडच्या जुरा भागात, घड्याळाच्या बारीक स्क्रूंसाठी, एकोणिसाव्या शतकात तयार झालं. तिथे टूल जागेवर राहतं आणि बारच गाइड बुशमधून पुढे सरकतो, कट नेहमी बुशच्या तोंडाशी. आजच्या स्लायडिंग हेड सीएनसीमध्ये तेच चालतं. तुमच्या ठोकळ्यातलं रीमर केलेलं भोक म्हणजे तोच गाइड बुश आहे.

घरच्या बॉक्सने पितळ आणि फ्री कटिंग स्टील छान कापलं जातं. भोकात सतत तेल सोडा. तेल कमी पडलं तर स्टीलचा बार भोकात चिकटतो आणि ठोकळा शँकसकट टेलस्टॉकमध्ये गरकन फिरतो, त्याने टेलस्टॉकचा टेपर कायमचा ओरखडतो. म्हणून ठोकळ्याला एक आडवा दांडा बसवून तो टूलपोस्टला टेकवून ठेवा, मगच स्पिंडल चालू करा.